सोलापूरचा मोफत ऑनलाइन ग्रंथमहोत्सव: लेखकांशी गप्पा कशा ठेवाव्यात?

वाचनकट्टा_जुळे_सोलापूर

मंडळी, नमस्कार. आमचा वाचनकट्टा येत्या एप्रिलमध्ये चार दिवसांचा ऑनलाइन ग्रंथमहोत्सव भरवतोय. 23 एप्रिलचा जागतिक ग्रंथदिन मध्ये धरून तारखा ठरवू. सगळं मोफत असेल, नोंदणीचीही अट नाही. ज्याच्याकडे लिंक आहे त्याने यावं.

आपल्या गावात अखिल भारतीय साहित्य संमेलन 1941 ला झालं, वि. स. खांडेकर अध्यक्ष होते. त्यानंतर 2006 ला झालं, तेव्हा अध्यक्ष मारुती चितमपल्ली, म्हणजे आपल्याच गावचे. मध्ये 65 वर्षं गेली! एरवी एखाद्या लेखकाला इथे बोलवायचं तर गाडीभाडं, मुक्काम, सभागृहाचं भाडं, मांडव-माईक हे सगळं जमवताना कट्ट्यासारख्या मंडळींची दमछाक होते. ऑनलाइनमध्ये यातलं बरंचसं वाचतं.

माझं मत आधीच मांडते. महोत्सवाचं खरं काम लेखक दाखवणं हे नाही, पुस्तक वाचून घेणं हे आहे. त्यामुळे ज्या पुस्तकावर गप्पा, त्याचं नाव दीड महिना आधी जाहीर करायचं आणि ऐकणाऱ्यांपैकी निदान काही जणांनी ते वाचून यायचं, असं डोक्यात आहे. हे जमेल का? गप्पा किती वेळाच्या असाव्यात? कुणी आधी असं काही केलं असेल तर सविस्तर लिहा, कृपया.

गड्ड्यावरचा_गडी

लई भारी! संध्याकाळची वेळ ठेवा. आणि आमच्या भागात ज्या दिवशी पाणी येतं तो दिवस तेवढा सोडा, बाकी कुठला बी चालंल.

सातरस्ता

गडी, हसण्यावारी नेऊ नका हो कुणी. आपल्याकडे चार-पाच दिवसांनी पाणी, तेही प्रत्येक भागाला वेगळ्या वेळी. नळ आला की अख्खं घर हंडे-बादल्या घेऊन पळतं, तिथे कोण मुलाखत ऐकणार? सगळ्यांना सोयीचा दिवस काढणं अशक्य आहे. त्यावर उपाय एकच, सगळं रेकॉर्डिंग त्याच रात्री उपलब्ध करा.

थेट_प्रक्षेपण

ऑनलाइन कार्यक्रमांची तांत्रिक बाजू सांभाळतो, म्हणून जरा लांब लिहितो.

झूमच्या फुकट खात्यावर बैठक 40 मिनिटांत बंद होते आणि 100 लोकांची मर्यादा आहे. गूगल मीटवर फुकटात 60 मिनिटं मिळतात. त्यामुळे लेखक आणि मुलाखतकार यांना मीटमध्ये बसवा आणि तिथलं चित्र ओबीएस नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमधून यूट्यूबवर थेट सोडा. ऐकणाऱ्याला कसलीच मर्यादा राहत नाही, ॲपही घ्यावं लागत नाही. नव्या चॅनलला थेट प्रक्षेपण सुरू करून घ्यायला 24 तासांपर्यंत वेळ लागतो, तेव्हा हे काम आदल्या रात्रीवर ठेवू नका. मोबाइलवरून थेट जायचं तर चॅनलला किमान 50 सदस्य लागतात. लॅपटॉपवरून ती अट नाही.

वीज. एप्रिलमध्ये दुपारी कधी जाईल सांगता येत नाही. लोक लॅपटॉपची बॅटरी बघतात आणि राउटर विसरतात. राउटर इन्व्हर्टरवर घ्या, शिवाय दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला मोबाइल हॉटस्पॉटसाठी शेजारी ठेवा. प्रक्षेपण सोडणारा माणूस आणि मुलाखतकार एकाच घरात बसवू नका, वीज गेली तर दोघंही जातात.

आवाज. चित्र अंधुक असलं तरी लोक बसतात, आवाज फाटला की उठतात. लेखकाला साधा वायरचा इअरफोन लावायला सांगा, त्याचा माइक तोंडाजवळ येतो. पंखा बंद ठेवायला सांगा. एप्रिलमध्ये सोलापूरकराला पंखा बंद ठेव म्हणणं जिवावर येतं, पण तासाभराचा प्रश्न आहे. कूलर तर नकोच.

सुरुवातीला चित्रपटातलं गाणं वाजवायचा मोह कुणाला तरी होतोच. यूट्यूब ते ओळखतं आणि हक्काचा दावा लावतं, कधी आवाजच बंद करतं. संबळ-हलगी हवी असेल तर आपल्याच माणसाकडून वाजवून घ्या.

शेंगाचटणी

माझा प्रश्न शाल-श्रीफळाचा आहे. ऑनलाइन कशी द्यायची? पडद्यावर नारळ फिरवायचा का? 😄

गड्ड्यावरचा_गडी

नारळ कशाला, चादर द्या की! सोलापुरी चादर टपालाने आधीच पोचवा, लेखक ती पांघरूनच बसंल.

शेंगाचटणी

एप्रिलमध्ये चादर पांघरून, पंखा बंद करून. लेखक तासाभरात कैलासवासी. टॉवेल द्या. चादरीबरोबर आपल्या टर्किश टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, घाम पुसायलाही होईल.

जुना_सोलापूरकर

उत्साहावर विरजण घालायचा हेतू नाही, पण मला हे पटत नाही. हुतात्मा स्मृती मंदिरात किंवा फडकुले सभागृहात कार्यक्रम संपला की लोक लगेच घरी जात नाहीत. बाहेर पायऱ्यांवर घोळके उभे राहतात. 'अमुक मुद्दा त्याला झेपला नाही' म्हणून वाद होतो, शेजारी कधी न बोललेला माणूस मध्येच तोंड घालतो, तिघं-चौघं मिळून पार्क चौकापर्यंत चालत जातात. माझ्या मते साहित्याचा कार्यक्रम तिथे सुरू होतो, आत व्यासपीठावर जे झालं ती नांदी. ऑनलाइनला 'बाहेर पडा' असं बटण असतं, ते दाबलं की तुम्ही एकटे आणि समोर काळा पडदा. खर्च वाचतो म्हणता, पण ज्यासाठी खर्च करायचा तेच वाचवून काय मिळवणार?

जयपूरच्या मोठ्या महोत्सवानेही 2021 ला ऑनलाइन भरवून पाहिला आणि पुढच्या वर्षी परत मैदानात लोक बोलावलेच की.

चंद्रभागेकाठी

जुना_सोलापूरकर, तुमच्या पायऱ्या मला माहीत आहेत, तरुणपणी तिथे उभी राहिले आहे. आता पंढरपुरात असते. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत, संध्याकाळी सातला त्यांना भरवायचं असतं आणि नंतर औषधं. सोलापूरला येऊन-जाऊन चार तास घर सोडणं माझ्या आयुष्यात सध्या नाही. एका कानात इअरफोन घालून, हातात खिमटाची वाटी घेऊन मी तुमचा कार्यक्रम ऐकू शकते. माझ्यासारख्या बायका प्रत्येक गल्लीत आहेत. त्या सभागृहात दिसत नाहीत, म्हणून त्या वाचत नाहीत असं सगळ्यांना वाटतं.

तुम्ही म्हणता तो घोळका मलाही हवा आहे. पण ज्याला पायऱ्यांपर्यंत पोचताच येत नाही त्याच्यासाठी काय?

तालुका_ग्रंथपाल

दोघांचंही खरं आहे, आणि त्यातून मार्ग निघतो. महाराष्ट्रात 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली वाचनालयं गावोगाव आहेत. अ, ब, क, ड असे वर्ग असतात. ड वर्गाची अवस्था विचारू नका, अनुदान तुटपुंजं आणि तेही वेळेवर येईल याची खात्री नाही. पण जागा असते, खुर्च्या असतात, कुणीतरी दार उघडणारं असतं. अशा वाचनालयांत पडदा नाहीतर मोठा टीव्ही लावून वीस-पंचवीस जणांनी एकत्र ऐकावं, प्रक्षेपण संपल्यावर तिथेच अर्धा तास बोलावं. बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढा, करमाळा, प्रत्येक ठिकाणी स्वतःच्या पायऱ्या होतील.

आता मूळ मुद्दा. 'पुस्तक वाचून या' म्हणणं सोपं आहे, प्रत कुठून आणायची? नव्या कादंबरीची किंमत चारशे-पाचशेच्या घरात. आमच्या वाचनालयात आली तर एक प्रत येते. एका वाचकाने पंधरा दिवस ठेवली तर दीड महिन्यात तीनच जण वाचतील. म्हणून चार दिवसांना बारा पुस्तकं घेऊ नका. चारच घ्या, आणि दर पुस्तकाच्या पाच-सहा प्रती फिरत्या ठेवा. टपालाची छापील पुस्तकांसाठीची जुनी स्वस्त रजिस्टर सेवा डिसेंबर 2024 मध्ये बंद झाली, त्याने आमच्यासारख्यांची पंचाईत झाली होती. मे 2025 पासून 'ज्ञान पोस्ट' आली आहे. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, पाच किलोपर्यंत 100, वर कर वेगळा. पाच किलोत बरीच पुस्तकं बसतात. कोणती पुस्तकं त्या दरात चालतात ते काउंटरवर आधी विचारून घ्या.

सातरस्ता

चारच पुस्तकं हे फार आवडलं. महोत्सव म्हटलं की पत्रिका भरगच्च करायची खोड आपल्याला आहेच.

पूर्वभाग_अण्णा

मला एक विचारायचं आहे. सोलापूरचा ग्रंथमहोत्सव आणि त्यात फक्त मराठी? आमच्या अशोक चौकाकडे घरात तेलुगू, गल्लीत मराठी. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडे कन्नड. शहरात उर्दू वाचणारी किती घरं आहेत. आमच्या आज्जी तेलुगूत गोष्ट सांगायच्या आणि मध्येच मराठीत रागवायच्या. ते सोलापूर या महोत्सवात कुठे आहे?

मराठीबाणा

अण्णा, सगळ्यांचा आदर आहे, पण चार दिवसांत चार भाषा आणल्या तर कुणालाच काही धड मिळणार नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. निदान एक महोत्सव तरी पूर्णपणे मराठीचा असू द्या.

पूर्वभाग_अण्णा

बाणासाहेब, चार भाषा कोण म्हणतंय? कार्यक्रम मराठीतच करा. चारातलं एक पुस्तक कन्नड किंवा तेलुगूतून मराठीत आलेलं घ्या आणि गप्पांना अनुवादक बसवा. ज्याने प्रत्येक वाक्य दोनदा जगलंय त्याला कुणी बोलावतच नाही. मूळ आणि अनुवाद यातला एकच परिच्छेद दोघांनी पाठोपाठ वाचायचा. मराठी वाचकाला त्यात मराठीच जास्त कळेल, लिहून ठेवा.

मराठीबाणा

अनुवादक असेल तर माझी हरकत नाही. उलट पहिल्या दिवशी ठेवा.

सूप_आणि_पान

मी कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत वाढले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: विडी कामगार बायकांच्या दहा हजार घरांची वसाहत आहे, 2006 ला घरं मिळाली. आई अजूनही विड्या वळते. मांडीवर सूप, भिजवून मऊ केलेली पानं पत्र्याच्या मापाने कापायची, चिमूटभर जर्दा पसरायचा, बोटांत वळायची, तोंड दुमडायचं आणि दोऱ्याचा वेढा. दिवसाच्या हजार पुऱ्या करायच्या तर मान वर करायला सवड नसते. हात अडकलेले, डोळे अडकलेले. कान मात्र पूर्ण मोकळे असतात. आई आणि शेजारच्या बायका मोबाइलवर काहीतरी लावून ठेवतात, बहुतेक मालिका. बघत नाहीत, ऐकतात.

त्यांच्यासाठी व्हिडिओचा उपयोग नाही आणि तासभराची मुलाखत तर नाहीच. वीस मिनिटांची ध्वनिफीत करा, तीही व्हॉट्सॲपवर पाठवता येईल इतकी हलकी. आधी लेखकाने स्वतःच्या आवाजात पाच-सात मिनिटं पुस्तकातलं वाचावं, मग गप्पा. वाचन आधी हवं, कारण आई पुस्तक वाचून येणार नाही. तिला अक्षरओळख आहे, वेळ नाही. ऐकलेलं आवडलं तर ती मला विचारेल 'पुढं काय झालं गं?' मग मी वाचून दाखवीन. असं आमच्याकडे झालेलं आहे.

कृपया हे शेवटचं, उरलंसुरलं म्हणून करू नका. आधीपासून धरून चाला.

वाचनकट्टा_जुळे_सोलापूर

सूप_आणि_पान, तुमचं लिहिणं कट्ट्याच्या गटात सगळ्यांना वाचून दाखवलं. वीस मिनिटांची ध्वनिफीत नक्की.

मागावरून

विडीचं जमंल हो, आमच्या यंत्रमागाच्या शेडात ऐकायला बसलो तर लेखकाला बोंब मारून बोलावं लागंल! धोटा सुरू असताना शेजारच्याशी आम्ही खुणांनीच बोलतो. आमच्यासाठी शेड बंद असंल त्या दिवशी सकाळी ठेवा एखादा कार्यक्रम.

कानाने_वाचणारा

मी पूर्ण अंध आहे, मोबाइल स्क्रीन रीडरवर वापरतो. महोत्सवांची आमंत्रणं मला बहुधा सुंदर चित्र म्हणून येतात. माझा फोन फक्त 'प्रतिमा' एवढंच सांगतो. तारीख, वेळ, लिंक हे साध्या मजकुरात लिहा, एवढं केलंत तरी निम्मं काम झालं. मुलाखतीत तिघं असतील तर पहिल्या दहा मिनिटांत एकमेकांची नावं घेऊन बोला. 'हे मुखपृष्ठ बघा किती बोलकं आहे' असं म्हणून पुढे जाऊ नका, त्यावर काय आहे ते दोन वाक्यांत सांगा.

पुस्तकांबद्दलही सांगतो. 2012 च्या कायदादुरुस्तीनंतर अंधांसाठी सुलभ रूपात प्रत तयार करायला कॉपीराइटची आडकाठी नाही. नफ्यासाठी ते करायचं नाही, एवढं पाळायचं. चार पुस्तकं आधी ठरणार असतील तर आमच्यापैकी काही जण त्या प्रती वेळेत तयार करून घेऊ शकतील. दीड महिना आधी नावं देण्याचा हा फायदा तुमच्या लक्षात आला नसेल, पण माझ्या दृष्टीने तो सगळ्यात मोठा आहे.

प्रश्नकर्ती

मुलाखती घेते, म्हणून एवढंच. मुलाखतकाराने पुस्तक दोनदा वाचलेलं असावं, आणि ते दाखवायचा मोह आवरावा. तीन मिनिटांचा प्रश्न आणि त्यावर लेखकाचं 'हो, अगदी बरोबर', हे ऐकायला कुणी येत नाही. 'तुमच्या लेखनामागची प्रेरणा काय?' हा प्रश्न बाद करा, त्याचं उत्तर लेखकांना पाठ झालेलं असतं. त्याऐवजी पुस्तकातलं एक पान उघडून विचारा, 'ही बाई इथे काही न बोलता का उठून जाते?' लेखक थांबतो, विचार करतो, आणि खरं बोलायला लागतो.

वाचकांचे प्रश्न आधी मागवा. यूट्यूबवरचं दृश्य काही सेकंद मागे असतं, त्यामुळे प्रश्न येईपर्यंत गप्पा पुढे गेलेल्या असतात. वाचनालयातल्या लोकांनी प्रश्न आवाजात रेकॉर्ड करून पाठवले तर फारच छान, करमाळ्याचा वाचक त्याच्याच बोलीत विचारतोय हे लेखकालाही सुखावतं.

प्रास्ताविक दोन मिनिटं. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, मान्यवरांचा परिचय, सगळ्याला फाटा.

मिताक्षरी

मोफत कुणासाठी, हे स्पष्ट करा. माझी तीन पुस्तकं आली आहेत. मला दर महिन्याला 'ऑनलाइनच आहे हो, घरूनच बोलायचं आहे' अशी आमंत्रणं येतात आणि मानधनाचा विषय काढला की समोरचा गप्प होतो. एका ठिकाणी तर 'तुम्हाला प्रसिद्धी मिळेल' असं ऐकवलं. घरून बोललं म्हणून तयारी कमी लागत नाही, वेळ तेवढाच जातो. ऐकणाऱ्याला मोफत ठेवा, अवश्य ठेवा. पण लेखक, अनुवादक, मुलाखतकार यांना काहीतरी द्या, आणि नामवंताला जास्त, नवोदिताला फक्त प्रमाणपत्र असं करू नका.

जुना_सोलापूरकर

मिताक्षरींशी शंभर टक्के सहमत. इथे मी पैसे द्यायला तयार आहे.

वकील_वाचक

वाचनाबद्दल: प्रकाशित पुस्तकातला वाजवी उतारा जाहीरपणे वाचायला आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात सूट आहे. पण तुम्ही रेकॉर्ड करून कायम ठेवणार, पुढे पाठवणार. तेव्हा लेखक आणि प्रकाशक दोघांकडून दोन ओळींची लेखी परवानगी घ्या, ईमेल चालेल. कुठला उतारा, किती वेळाचा आणि रेकॉर्डिंग कुठे राहणार ते त्यात लिहा. संपूर्ण पुस्तकाची पीडीएफ गटात फिरू लागली तर तिथल्या तिथे थांबवा.

लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षांनी साहित्य सर्वांसाठी मोकळं होतं. आपल्या सोलापूरचे शाहीर रामजोशी 1812 ला गेले. त्यांच्या लावण्या हव्या तेवढ्या म्हणा.

गड्ड्यावरचा_गडी

हे झकास! संबळ-हलगीचं वर ठरलंच हाय. उद्घाटनाला भाषण नको, रामजोशींची लावणी.

शेंगाचटणी

विषयांतराबद्दल क्षमा, पण लेखकांना टॉवेलबरोबर चटणी आणि कडक भाकरीही पाठवा. चटणी उखळात कुटलेली, तेल सुटलेली. मिक्सरमधली भुकटी पाठवून गावाची लाज काढू नका.

मागावरून

भाकरी बाजरीची का ज्वारीची?

शेंगाचटणी

मंगळवेढ्याची ज्वारी असताना हा प्रश्न पडतोच कसा!

वाचनकट्टा_जुळे_सोलापूर

भाकरीवरून परत पुस्तकांवर येते. काल कट्ट्याची बैठक झाली, ठरलेलं लिहिते.

चार दिवस, चार पुस्तकं, रोज संध्याकाळी सात ते पावणेआठ एकच गप्पा. पहिल्या दिवशी अनुवादित पुस्तक आणि त्याचा अनुवादक. रेकॉर्डिंग त्याच रात्री, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वीस मिनिटांची ध्वनिफीत. यंत्रमागवाल्यांसाठी एक सकाळचा कार्यक्रम शेड बंद असेल त्या दिवशी ठेवू, मागावरून यांनी वार कळवावा. लेखक, अनुवादक, मुलाखतकार सगळ्यांना सारखंच मानधन, त्यासाठी सभासदांची वर्गणी. तीत कुणी भर घातली तर हिशेब इथेच टाकू. प्रायोजकाचा फलक नाही. सगळी आमंत्रणं मजकुरात, चित्र हवं असेल तर सोबत.

एक मुद्दा अजून अडलाय. काही जणांना यात मुलांचा कार्यक्रम हवाय, मला तो चार दिवसांत कोंबायचा नाही.

शाळेतली_बाई

कोंबू नका. तेव्हा मुलांच्या वार्षिक परीक्षा असतात, आणि मोबाइलसमोर बसवलेली मुलं ऐकत नसतात, मी रोज बघते. मुलांसाठी 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाच्या सुमारास वेगळं करा, शाळेत, समोरासमोर. 10 ऑक्टोबरला डॉ. कोटणीसांची जयंती असते. भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकापाशी मुलांना नेऊन त्यांच्या चरित्रातलं वाचता येईल. ते ऑनलाइन नकोच.

जुना_सोलापूरकर

ऑनलाइनबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. पण तालुका_ग्रंथपालांची एकत्र ऐकायची कल्पना शहरातही करता येईल. आमच्या सोसायटीचा तळमजल्यावरचा हॉल रिकामा असतो, चाळीस खुर्च्या आहेत. चौथ्या दिवसाचं माझ्याकडे द्या. पुस्तकाचं नाव लवकर सांगा, मला ते आधी वाचायचं आहे. आणि प्रक्षेपण संपल्यावर दिवे लगेच घालवायचे नाहीत, वॉचमनला मी सांगतो.

तालुका_ग्रंथपाल

आमचं वाचनालय पहिल्या दिवसासाठी धरा. प्रोजेक्टर आहे, पण जुना. त्याला लॅपटॉप जोडायची एचडीएमआयची वायर चालत नाही, जुन्या पद्धतीची निळ्या टोकाची लागते. कुणाकडे पडून असेल तर सांगा, एसटीने पाठवलीत तरी मी स्टँडवरून घेईन.

थेट_प्रक्षेपण

निळ्या टोकाची वायर माझ्याकडे आहे, पण तिच्यातून आवाज जात नाही. वेगळा स्पीकर जोडावा लागेल. तोही पाठवतो. सकाळच्या कुठल्या गाडीने ठेवू?